मायक्रोबिट घरी घ्यावा का? दीड वर्ष वापरून सांगतो

तासगावात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या, ठिबकच्या मोटारी जळून येतात आणि आम्ही त्या भरून देतो. दुकानामागेच घर असल्याने शाळेतून आलेली मुलं दप्तर टाकून थेट माझ्या बाकावर येतात. थोरली आता सातवीत आहे, धाकटा चौथीत. दीड वर्षापूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्यासाठी मायक्रोबिट नावाचा छोटा बोर्ड आणला, म्हणजे मुलांनी स्वतः प्रोग्रॅम करून चालवायचा खिशाएवढा संगणक. तेव्हापासून तो काउंटरवर, खिडकीत, गच्चीवर, कुठे ना कुठे चालूच असतो. गिऱ्हाइकं बघतात आणि विचारतात, "हे काय आहे? आमच्या पोराला घेऊ का?" दर वेळी उभ्या उभ्या अर्धंच सांगून होतं, म्हणून इथे सगळं बैजवार लिहितो.

उत्तर आधीच देतो. घ्या, पण आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तुम्ही स्वतः मुलांशेजारी बसणार असाल तरच. आणि त्यावर काय करायचं ते खोक्यावरच्या चित्रांतून निवडू नका, घरातल्या एखाद्या अडचणीतून निवडा. ही दुसरी गोष्ट मला कळायला दोन महिने लागले.

त्याआधी एक वर्ष थोरलीला एका ऑनलाइन कोडिंग क्लासला घातलं होतं. फी मोठी होती, हप्त्याहप्त्याने भरली. पडद्यावरच्या ताई सांगायच्या, हा ठोकळा इथे ओढ, तो तिथे लाव. पोरगी ओढायची, लावायची, मांजर पळायचं. वर्षाच्या शेवटी रंगीत प्रमाणपत्र आलं. मी तिला विचारलं, "मांजर कडेला धडकलं की मागे का फिरतं?" ती म्हणाली, "ताईंनी तसं लावायला सांगितलं होतं." मला फार वाईट वाटलं. माझ्याकडे काम शिकायला आलेल्या पोराला मी विचारलं, की ही वायर इथेच का जोडलीस, आणि तो म्हणाला "तुम्ही सांगितलं म्हणून", तर मी त्याला गिऱ्हाइकाच्या मोटारीला हात लावू देत नाही. यात दोष त्या मांजराचा नव्हता. ते मांजर स्क्रॅचमधलं. स्क्रॅच म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायची सोय, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये सुरू केलेली. ते फुकट आहे आणि फार चांगलं आहे, माझा धाकटा आजही त्यावर खेळ बनवतो. पण मुलीच्या वाटचा विचार दुसरंच कोणी करत होतं, आणि त्याचे पैसे मी भरत होतो.

आता बोर्डाबद्दल. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९८१ साली 'बीबीसी मायक्रो' नावाचा संगणक आणला होता, एकॉर्न नावाच्या कंपनीने बनवलेला. तिथल्या शाळाशाळांत तो पोचला. त्याच धाग्यावर २०१६ मध्ये त्यांनी अकरा-बारा वर्षांच्या सुमारे १० लाख मुलांना मायक्रोबिट फुकट वाटले. आता एक ना-नफा संस्था त्याचं काम बघते. २०२० मध्ये दुसरी आवृत्ती आली, तिच्यात स्पीकर आणि माइक आहे. घेताना दुसरीच घ्या. ओळखायची खूण म्हणजे पुढच्या बाजूला वर असलेला चेहऱ्यासारखा लोगो सोनेरी धातूचा असतो आणि त्याला बोट लावलेलं बोर्डाला कळतं.

आकार आगपेटीएवढा, साधारण ५ सेंटीमीटर लांब आणि ४ सेंटीमीटर रुंद. पुढे २५ लाल दिवे, पाच ओळींत पाच-पाच. दोन बटणं, ए आणि बी. आत कलणं-हलणं ओळखणारा सेन्सर, होकायंत्र, तापमान, आणि दुसऱ्या मायक्रोबिटशी बोलायला रेडिओ, त्याला नेट लागत नाही. पुढचे दिवेच उलटे वापरून हा बोर्ड उजेड मोजतो, हे कळलं तेव्हा मलाच फार आनंद झाला होता. खालच्या कडेला पाच मोठी भोकं आहेत, त्यांना पिन म्हणतात: ०, १, २, तीन व्होल्ट आणि ग्राउंड. त्यांत क्रोकोडाइल क्लिप, म्हणजे तारेच्या टोकाचा चिमटा, सरळ बसतो, सोल्डर मारावा लागत नाही. दुसरीतल्या पोराने स्वतःच्या हाताने जोडणी केली आणि ती पहिल्या फटक्यात चालली. ज्याने हे बनवलं त्याने लहान मुलांची बोटं नीट बघितलेली आहेत.

पहिली संध्याकाळ मात्र वाया गेली. बोर्डासोबत आलेली केबल लावली की दिवे लागायचे, पण लॅपटॉपवर काहीच दिसायचं नाही. खरं तर तो पेन ड्राइव्हसारखा 'मायक्रोबिट' नावाने दिसायला हवा. शेवटी केबल कापून बघितली, आत दोनच तारा निघाल्या. फक्त चार्जिंगची केबल. डेटा जायला तारच नव्हती. घरातली जुन्या फोनची चांगली केबल लावली आणि दोन मिनिटांत काम झालं. घेतानाच दुकानदाराला विचारा, डेटा केबल आहे का. अशीच दुसरी अडचण पुढे आली. केबल लावताना मागचं रिसेट बटण दाबलेलं राहिलं तर 'मायक्रोबिट'ऐवजी 'मेन्टेनन्स' नावाचा ड्राइव्ह दिसतो. घाबरू नका, बोर्ड बिघडलेला नसतो. केबल काढा आणि बटणाला हात न लावता परत लावा.

प्रोग्रॅम बनवायला मायक्रोसॉफ्टचं मेककोड वापरतो, ब्राउझरमध्ये उघडतं, पैसे नाहीत. ठोकळे जोडायचे, शेजारीच चित्रातला मायक्रोबिट लगेच चालून दाखवतो, मग फाइल खऱ्या बोर्डावर टाकायची. आमच्याकडे लाईट गेली की वायफाय जातं, पण पान एकदा उघडलेलं असलं की लॅपटॉपच्या बॅटरीवर काम पुढे चालू राहिलं आहे. मोबाइलवरूनही ब्लूटूथने जमतं. आम्हाला जोडणी सारखी तुटण्याचा त्रास झाला, म्हणून मी सेकंडहँड लॅपटॉपच बरा म्हणेन.

एक सावधगिरी इथेच सांगतो, कारण तिच्यामुळे घरात रडारड झाली आहे. साइन-इन न करता मेककोडमध्ये केलेली कामं त्या ब्राउझरमध्येच साठतात. लॅपटॉप हळू चालतो म्हणून मी एकदा ब्राउझरचा सगळा जुना साठा पुसला आणि थोरलीचे तीन आठवड्यांचे प्रकल्प गेले. ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही आणि तिचं बरोबर होतं. नंतर कळलं की बोर्डावर टाकतो ती हेक्स फाइल जपून ठेवली असती तर तीच परत मेककोडवर ओढली की सगळे ठोकळे जसेच्या तसे उघडतात. आता प्रत्येक प्रकल्पाची हेक्स फाइल तारखेच्या नावाने फोल्डरमध्ये जाते.

ठोकळ्यांवरचे शब्द आम्ही इंग्रजीच ठेवले आणि भिंतीवर एक कागद लावला. 'फॉरएव्हर' म्हणजे सतत, 'इफ-देन' म्हणजे जर-तर, 'ऑन शेक' म्हणजे हलवल्यावर. 'व्हेरिएबल'वर धाकटा अडला होता. त्याच्या आईने मिसळणाचा डबा पुढे ठेवला. ही वाटी जिऱ्याची. वाटीचं नाव जिरंच राहतं, आतलं जिरं कमीजास्त होतं, आज अर्धी, उद्या पाव. तो कागदावर 'व्हेरिएबल म्हणजे वाटी' असं लिहून मोकळा झाला. मी पंचवीस वर्षं विजेचं काम करतोय, मला इतकं सोपं सांगता आलं नसतं.

पहिला खरा प्रकल्प सापशिडीचा फासा. घरातला फासा हरवला होता. बोर्ड हलवला की दिव्यांवर आकडा. खेळता खेळता आज्जीच्या दानाला शून्य पडलं. सगळे थांबले. "पप्पा, शून्य कसं आलं?" मला उत्तर दिसत होतं, पण मी गप्प राहिलो. हे गप्प राहणं फार महत्त्वाचं आहे, आणि तेच सगळ्यांत अवघड जातं. थोरलीने लॅपटॉप उघडला, ठोकळा बघितला, आणि तिला दिसलं की आकडा निवडायचा ठोकळा शून्यापासून सुरू होतो आणि तिने फक्त वरची हद्द ६ केली होती. १ ते ६ केलं. क्लासच्या पूर्ण वर्षात तिने स्वतःची एकही चूक स्वतः शोधली नव्हती.

त्यानंतर दोन महिने आम्ही भरकटलो. पावलं मोजणारा मोजा केला, टाळीवर लागणारा दिवा केला, प्रेमाचं मीटर केलं. सगळं चाललं आणि सगळं एकेका दिवसात विसरलं गेलं. याच काळात मी एक तयार रोबो-गाडीचं किटही मागवलं, मायक्रोबिट बसवायचं. दोन आठवडे पळाली, मग कपाटात गेली. ती गाडी पळण्यापलीकडे कशालाच लागत नव्हती, आणि ती पळाली काय न पळाली काय, घरात कोणाचं काही अडत नव्हतं.

आम्ही परत रुळावर आलो ते तुळशीमुळे. माझी आई मे महिन्यात बहिणीकडे मिरजेला गेली होती आणि तुळस सुकली. परत आल्यावर तिने कोणाला काही बोललं नाही, नुसती पानं चुरून बघत बसली. मुलांना ते लागलं. थोरली म्हणाली, तुळशीला तहान लागली की बोर्डाने सांगितलं पाहिजे. दोन जस्ताचा मुलामा दिलेले खिळे कुंडीत खोचले, एक तीन व्होल्टला, एक शून्य नंबरच्या पिनला. ओल्या मातीतून वीज जास्त जाते, कोरड्या मातीतून कमी. पिनवर ते ० ते १०२३ अशा आकड्यात दिसतं. आमच्या कुंडीत कोरडं असताना अडीचशेच्या आसपास, पाणी घातल्यावर साडेनऊशेच्या वर. मुलांनी वहीत रोज सकाळ-संध्याकाळ आकडा लिहिला, बारा दिवस. पाचशेच्या खाली गेलं की दिव्यांवर रडका चेहरा.

तीन आठवड्यांनी आकडे बिनसले. खिळे उपटून बघितले तर एक जवळजवळ जसाच्या तसा, दुसऱ्यावरचं जस्त खाऊन टाकलेलं. हे माझ्या ओळखीचं होतं. ओल्या मातीतून सतत डीसी, म्हणजे एकाच दिशेचा करंट, वाहिला की प्लसकडचा धातू झिजत जातो. मी दोघांना ते समजावलं आणि विचारलं, आता काय करायचं? धाकटा म्हणाला, जाड खिळा. थोरली बराच वेळ कुंडीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पण पप्पा, सारखं कशाला मोजायचं? तुळस काय मिनिटामिनिटाला सुकते?"

मग खिळा तीन व्होल्टवरून काढून १ नंबरच्या पिनला लावला. तासातून एकदा ती पिन चालू करायची, आकडा वाचायचा, लगेच पिन बंद. तेच खिळे पुढे पावसाळाभर टिकले. हा उपाय मायक्रोबिटवर मातीची ओल मोजणारे बरेच जण करतात, हे मला नंतर समजलं. पण माझ्या पोरीने तो झिजलेला खिळा हातात धरून शोधला.

एकदा आम्ही कुंडीत थोडं रासायनिक खत घातलं आणि पाणी न वाढवता आकडा चढला. क्षार विरघळले की वीज जास्त जाते. म्हणजे हा आकडा ओलीचा टक्का नाही, त्या कुंडीतल्या त्या मातीपुरती खूण आहे. मुलांनी वहीत तसं लिहून ठेवलं. बाजारात सेन्सर विकणारे टक्के छापतात, तेव्हा थोरली आता विचारते, कोणत्या मातीत?

आणि एक. आईने थोड्या दिवसांनी सांगितलं, तुळशीला पाणी मी आंघोळ झाल्यावर घालणार, तुमच्या आकड्यावर नाही. तिचं म्हणणं मला पटलं, मुलांनाही पटलं. खिळे काढून कढीपत्त्याच्या कुंडीत लावले.

माझ्या धंद्यातली गंमत होकायंत्रात निघाली. ते वापरण्याआधी बोर्ड सगळीकडे कलवून पडद्यावरचे सगळे दिवे भरायचे असतात, म्हणजे त्याचं माप जुळतं. घरात जुळलं. दुकानात बाकावर ठेवला की उत्तर भलतीकडेच. लोखंडी बाक, शेजारी मोटारींचे सांगाडे, वर लोहचुंबक. मुलांना वाटलं बोर्ड बिघडला. मी म्हटलं, बिघडला नाही, तो खरं सांगतोय, फक्त तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं नाही.

मग पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर इनॅमलचा लेप असलेल्या तांब्याच्या तारेचे ५० वेढे दिले, टोकं खरडली, सेल लावला, मध्ये टॉर्चचा बल्ब घातला, म्हणजे वेढे वाढले तरी करंट जवळजवळ तेवढाच राहतो. बोर्ड पाच सेंटीमीटरवर ठेवून एका दिशेचं चुंबकीय बल वाचलं. बल्ब बंद असतानाचा आकडा वजा केला तर ११-१२ मायक्रोटेस्ला. वेढे १०० केले, २२-२३. धाकट्याने तीन वेळा सेल काढून परत लावला, दर वेळी तेच. १८२० साली डेन्मार्कच्या ऑर्स्टेडने तारेतून वीज सोडली आणि शेजारची होकायंत्राची सुई हलली, तिथून माझा सगळा धंदा सुरू झाला असं मी त्यांना सांगितलं. मी रोज वेढे मोजतो. वेढे चुकले की मोटार तापते, एवढं मला गुरूंनी शिकवलं होतं. वेढे दुप्पट केले की बल दुप्पट होतं, हे आकड्यांत मी पहिल्यांदा मुलांसोबत बघितलं.

हे लिहिताना अरविंद गुप्तांची आठवण काढणं भाग आहे. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून दाखवली. त्यांची एक साधी मोटार आहे: सेल, दोन सेफ्टीपिना, एक चुंबक आणि इनॅमल तारेचं छोटं भेंडोळं. तारेच्या टोकावरचं इनॅमल तीन बाजूंनी खरडायचं, एक बाजू तशीच ठेवायची, म्हणजे प्रत्येक फेरीत थोडा वेळ वीज तुटते आणि भेंडोळं फिरत राहतं. बोर्ड घेण्याआधी घरी हे करा. तार कोणत्याही रिवाइंडिंगवाल्याकडे मागा, चार हात तारेचे कोणी पैसे घेणार नाही. मुलाला त्यात रस वाटला तर मग बोर्डाला पैसे घाला. काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे आकारही आमच्याकडे खूप झाले, त्यांना तर सेलही लागत नाही.

आता आमचा सगळ्यांत मोठा प्रकल्प, गच्चीवरची टाकी. नळाला पाणी आलं की खालच्या टाकीतून वर मोटारीने चढवतो. मोटार चालू करून कोणी कामात गुंतलं की वरची टाकी भरून वाहते, शेजारच्यांच्या भिंतीवर पाणी जातं. यासाठी दुसरा बोर्ड घेतला. प्लास्टिकच्या झाकणाला दोन स्टेनलेसचे स्क्रू, टाकीच्या तोंडातून खाली सोडलेले. पाणी स्क्रूंना टेकलं की खिळ्यांसारखाच आकडा चढतो. वरचा बोर्ड श्रीखंडाच्या डब्यात बंद, तो रेडिओवरून खालच्याला सांगतो, खालचा स्पीकरवर सूर वाजवतो.

पहिल्या दिवशी दोन्ही बोर्ड एकमेकांशी बोलेनात, कारण दोघांचा रेडिओ ग्रुप वेगळा होता. तो नंबर दोन्हीकडे एकच लागतो. मग मागच्या खोलीतल्या बोर्डाला निरोप पोचेना. मध्ये स्लॅब आणि लोखंडी कपाट. जिन्याच्या दाराशी बोर्ड आणला तेव्हा नीट आलं. स्पीकरचा आवाज लहान आहे. स्वयंपाकघरात ऐकू येतो, दुकानात मशीन चालू असताना नाही. वरच्या बोर्डाचे दोन छोटे सेल चार दिवसांत संपले, कारण रेडिओ सतत चालू. आता तो जिन्याच्या खोलीत जुन्या मोबाइल चार्जरवर आहे आणि स्क्रूंपर्यंत लांब तार नेली आहे.

सेल संपले त्या दिवशी टाकी वाहिली. मुलं हिरमुसली. त्या संध्याकाळी मी त्यांना माझ्या कामातली एक गोष्ट सांगितली. यंत्र गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं कधी धरायचं नाही. गप्प बसलेलं यंत्र मेलेलंही असू शकतं. मग काय करायचं, यावर जेवणं होईपर्यंत वाद चालला. धाकट्याने तोडगा काढला: "वरच्याने सारखं 'मी आहे, मी आहे' म्हणायचं." आता वरचा बोर्ड दर मिनिटाला एक निरोप पाठवतो, खालच्याचा मधला दिवा लुकलुकतो. तीन मिनिटं निरोप आला नाही तर खाली फुली दिसते आणि कोणीतरी वर जाऊन बघतं. नऊ वर्षांच्या मुलाने हे काढलं. मोठमोठ्या पॅनेलमध्ये ही सोय नसते आणि त्यापायी जळालेल्या मोटारी माझ्याकडे येतात.

साहजिकच त्याचा पुढचा प्रश्न आला, मग मोटारच आपोआप बंद का नाही करायची? रिले, म्हणजे विजेने चालू-बंद होणारा स्विच, लावून ते होतं, मी लोकांना तशी पॅनेलं बनवून देतो. घरी मात्र मी ठाम नाही म्हटलं. २३० व्होल्ट आणि मुलांच्या हातातली वस्तू यांच्यामध्ये मी एक मोठं माणूस ठेवलं आहे: सूर वाजतो, आणि मोटार बंद करायला मी किंवा त्यांची आई जाते. पालकांनो, याबाबत इंटरनेटवर कितीही सोपे व्हिडिओ दिसोत, मायक्रोबिट घरच्या लाईनला मुलांकडून जोडून घेऊ नका. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरीही बोर्डाला थेट लावू नका, तो ३ व्होल्टचा आहे. दोन छोट्या सेलचा डबा किंवा यूएसबी, बस्स.

कमतरता काय? तापमानाचा सेन्सर. तो वेगळा नाही, प्रोसेसरच्या आतलं तापमानच तो सांगतो, त्यामुळे भिंतीवरच्या थर्मामीटरपेक्षा आमच्याकडे दोन-तीन अंश जास्त दाखवतो. बागायतदार मित्राने थंडीत बागेत लावायला मागितला होता, मी नको म्हटलं. उघड्या बोर्डाला पाऊस, घाम, चहा काहीच चालत नाही. आणि सात वर्षांच्या आतल्या मुलाला हा देण्यात अर्थ नाही, तो आईबापांचाच खेळ होतो.

आर्डुइनोबद्दलही विचारतात. इटलीत २००५ मध्ये सुरू झालेला तो बोर्ड मी स्वतः पॅनेलच्या कामात वापरतो, स्वस्तात मिळतो, ताकद पुष्कळ. पण त्यात टाइप करून प्रोग्रॅम लिहायचा आणि बारीक तारा खोचायच्या, आठवी-नववीच्या पुढे तो चांगला. रास्पबेरी पाय, २०१२ चा, हा पूर्ण संगणकच. त्याला पडदा, कीबोर्ड, सगळं आलं. घरात एकही संगणक नसेल तर त्याचा विचार करा. मुलं सहावीच्या पुढे असतील आणि शाळेत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे सरकारी योजनेतली मुलांची प्रयोगशाळा, असेल तर पैसे घालण्याआधी तिथे जाऊन बघा, कपाटात हे सगळं असू शकतं. कपाट उघडून मागायला मात्र पालकांनी जावं लागेल.

खर्च: पहिला बोर्ड सेलच्या डब्यासह मला ₹१,९०० ला पडला, दुसरा नुसता ₹१,६५०. क्रोकोडाइल क्लिप, खिळे, स्क्रू, तार मिळून दोनशेच्या आत. क्लासच्या एका वर्षाच्या फीचा हा लहानसा हिस्सा आहे.

थोरली आता ठोकळे सोडून पायथन या टाइप करायच्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहायला लागली आहे. ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा चुकली की प्रोग्रॅम चालत नाही, यावर ती चिडते आणि परत बसते. धाकटा कढीपत्त्याचे आकडे अजून वहीत उतरवतो, मध्ये परीक्षेचे आठ दिवस राहिले तर त्या जागा त्याने रिकाम्या ठेवल्या, अंदाजाने भरल्या नाहीत.

तिसरा बोर्ड मी या महिन्यात घेतोय, मिरजेच्या भाचीसाठी. ती पाचवीत आहे. सोबत डेटा केबल, चार क्लिपा, दोन खिळे आणि शंभर पानी वही देणार. दाजींना फोनवर सांगितलंय की पहिले चार शनिवार मी येऊन बसतो, पुढचे तुमचे. त्यांच्या घरी फ्रिजचं दार नीट लागत नाही आणि रात्री उघडं राहतं, तेवढं दुरुस्त करू नका म्हटलंय.